डुबुकच्या पाठीवरचा रिकामा चौकोन

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज माझ्याच कासवाचे दोनशे मग छापायला घेतले. पगारी नोकर म्हणून!

सकाळी मालकांनी फाइल दिली. "खेळण्यांच्या दुकानाची ऑर्डर आहे, शुक्रवारी द्यायची." उघडून पाहतो तर डुबुक. मान डावीकडे कललेली, डोळे वर, पाठीवर ती हिरवी ढाल. 'बरणीबंद' खेळाला यंदा पंचवीस वर्षं होतायत म्हणून जिकडेतिकडे हाच. दप्तरांवर, छत्र्यांवर, दात घासायच्या ब्रशवर. आता आमच्या छापखान्यातही येऊन पोचला.

त्या खेळात एकशे बारा राक्षस आहेत. आग ओकणारे आहेत, दगड चावणारे आहेत, अख्खा पूल गिळणारा एक आहे. सगळे बरणीत पकडायचे. आणि लोकांना आवडावा कोण, तर हा! संकट आलं की पाण्यात बुडी मारतो आणि नाकाचं टोक तेवढं वर ठेवतो. बरणी पाण्यात धरली की आपणहून आत येऊन बसतो. बावळट.

मी काढला तेव्हा त्याला नावही नव्हतं.

छापखान्यात हे कोणाला सांगत नाही. एकदा कटिंगवाल्याला, म्हणजे फायली लावून कागद कापणाऱ्या पोराला, सांगितलं होतं. म्हणाला, "हो का काका? आणि विमान मी शोधलं." त्यानंतर तोंड बंद.

घरी आल्यावर ताईला सांगितलं. ती खिडकीपाशी बसून पँटीची लांबी कमी करत होती. तयार कपड्यांच्या दुकानातून तिच्याकडे गठ्ठेच्या गठ्ठे येतात. मान वर न करता म्हणाली, "मग नीट छाप." बस्स, एवढंच! वर माझ्यापुढे सुई धरली — "ओवून दे रे, दिसत नाहीये."

दिली ओवून. घरच्या माणसालाच काही वाटत नाही, तिथे परक्यांना काय दोष द्यायचा.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दोनशे मग दुकानात गेले. सुटलो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मग परत आले! दोनशेच्या दोनशे!

दुकानाची बाई स्वतः खोकी घेऊन आली. एक मग मालकांच्या नाकासमोर धरला. "हा डुबुक नाहीच!"

झालं असं — डुबुकच्या ढालीवर, उजव्या बाजूला वर, एक चौकोन रिकामा आहे. त्यात रंगच नाही. मागे पाणी असेल तर त्यातून पाणी दिसतं, गवत असेल तर गवत. आमच्या कटिंगवाल्याला वाटलं फाइल खराब आहे. त्याने मोठ्या प्रेमाने तो चौकोन हिरवा भरून टाकला. मी शेवटची तपासणी केली. रंग बघितले, कडा बघितल्या. चौकोन बघितलाच नाही! पंचवीस वर्षं पाठ झालेली गोष्ट कोण पुन्हा बघतो?

बाई म्हणाली, "पोरं दुकानात आली की आधी ते भोक शोधतात. भोक नसलं तर नकली म्हणतात." पोरांनी त्या एका चौकोनावर काय काय रचून ठेवलंय! म्हणे पहिल्या लढाईची जखम आहे. म्हणे तिथून तो श्वास घेतो. मोठमोठी माणसं यावर भांडतात.

मालकांनी कपाळावर हात मारला. "अहो, पण ते भोक मुद्दाम आहे हे आम्हाला कसं कळणार?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. "मुद्दामच आहे. मी सोडलंय ते."

"तुम्ही म्हणजे?"

"डुबुक मी काढलाय."

मालक म्हणाले — अगदी साधेपणाने, टोमणा नव्हता — "मग तुम्ही इथे काय करताय?"

कटिंगवाला पाठ फिरवून मशीन पुसायला लागला. बाईने मात्र माझं नाव विचारलं आणि फोनमध्ये लिहून घेतलं. लिहून घेऊन काय करणार कोण जाणे.

सोमवारपासून दोनशे मग पुन्हा.

रविवार, ९ फेब्रुवारी

मालकांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. इथे काय करताय! एकदा सगळं लिहूनच काढतो.

मी सव्वीस वर्षांचा होतो. गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत कंपनी. आम्ही सहाजण आणि साहेब. साहेब मुख्य चित्रकार. रोज दोन-दोन राक्षस काढायचे. रुंदी चोवीस चौकोन, उंची चोवीस चौकोन, रंग फक्त चार. एकेक चौकोन भरत बसायचं. माझे राक्षस साहेब परत करायचे. "ताठ आहेत रे. जिवंत वाटत नाहीत." सतत हेच. मला कामावरून काढणार हे सगळ्यांना कळलं होतं.

मग तो रविवार. ताई शिवलेले कपडे द्यायला बाहेर गेली होती. टेबलावर तिचा पसारा — दोऱ्यांच्या लड्या, सुया, कागद. तेव्हा ती भरतकाम खूप करायची. पसारा बाजूला सारून मी बसलो आणि डुबुक उतरला! एका बैठकीत. चारच रंग. खोडरबराला हातसुद्धा लावला नाही. तो एक चौकोन राहिला तो राहिलाच. हात तिथे थांबला. खऱ्या चित्रकाराला कुठे थांबायचं ते कळतं.

सोमवारी साहेबांपुढे कागद ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले. काही बोलले नाहीत. नोकरी वाचली. वर्षभराने खेळ बाजारात आला तेव्हा पुस्तिकेत छापलं होतं — एकोणिसावा राक्षस, डुबुक, चित्र: साहेब.

चोर!

भांडलो. निघालो. पुढे काही जमलंच नाही. दुसरं असं एकही चित्र हातून झालं नाही, कसं होईल? माणसाचं काळीजच चोरलं तर हाताने काय काढायचं?

आज जेवतानाही हेच बोललो. ताई म्हणाली, "जेव आता. गार होतंय." पंचवीस वर्षं तिचं हेच एक उत्तर. कधी म्हणून म्हणाली नाही की हो रे, अन्याय झाला तुझ्यावर. आई-बाबा गेल्यावर हिने मला वाढवलं, शिकवलं, सगळं खरं. पण या एका गोष्टीत ती माझ्या बाजूने उभी राहिली नाही, ती नाहीच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कमाल झाली! दुपारी फोन. 'बरणीबंद'चं पंचविशीचं जाडजूड पुस्तक निघतंय. त्याच्या संपादक बाई. मला आधी वाटलं कोणीतरी थट्टा करतंय.

बाई म्हणाल्या, "साहेबांनी कासव आपलं म्हणून सांगितलंय. पण खेळण्यांच्या दुकानातून एकीने तुमचं नाव कळवलं. मग आम्ही तुमच्या वेळच्या एकाला विचारलं. तो म्हणाला, कागद तुम्हीच आणला होता."

कटिंगच्या टेबलावर बसलो.

"तुमच्याकडे जुना काही कागद आहे का? कच्चं चित्र वगैरे? चौदा मार्चला मजकूर छपाईला जातो. तोपर्यंत कागद दाखवलात तर नाव बदलता येईल."

आहे! असणारच. रंगवलेला पक्का कागद ऑफिसात दिला. पेन्सिलीचा कच्चा घरी राहिला. मला तो डोळ्यांसमोर दिसतो. बारीक चौकोनांचा कागद आणि रंगांच्या जागी खुणा. फुल्या, टिंबं, तिरप्या रेघा.

"आणि कल्पना कुठून सुचली?"

म्हटलं, "आमच्या मागच्या हौदात एक कासव होतं. तासन्तास बघत बसायचो."

तासन्तास जरा जास्तच झालं. तासन्तास ताई बसायची. कोबीची पानं घालायची, ते मान वाकडी करून वर बघायचं. मला त्या हौदाचा वास सहन व्हायचा नाही. पण मुलाखतीत असं बोलावं लागतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

माळ्यावरची ट्रंक काढली. जुनी बिलं, मोडका पंखा, माझे शाळेचे दाखले. कागद नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

दोन्ही ट्रंका, कपाटाचा वरचा खण, पलंगाखालची पेटी. सगळं उलथंपालथं केलं. शिंका येऊन येऊन नाक लाल झालं.

ताईला विचारलं, "तो पेन्सिलीचा कागद कुठे ठेवलास?"

"कुठला?"

"कासवाचा. चौकोनांचा."

तिचा हात थांबला. मग पुन्हा टाका घातला. "पंचवीस वर्षांपूर्वीचा कागद कोण ठेवतं? रद्दीत गेला असेल."

"रद्दीत! तू टाकलास?"

"आठवत नाही रे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नको नको ते बोललो. म्हटलं, तुझी पाच वर्षांपूर्वीची तुटकी बटणं बरणीत भरून ठेवलीयेस आणि माझं आयुष्य तेवढं रद्दीत दिलंस! म्हटलं, साहेबांनी चोरलं आणि तू पुरावा फेकलास, दोघं सारखेच.

तिने पँटी घडी करून ठेवल्या, उठून आत गेली. थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, "नाव नाही छापलं तर चालणार नाही का रे? डुबुक तर सगळीकडे आहेच."

चालणार नाही का! ज्याचं काहीच गेलं नाही त्याला असं बोलायला काय जातं?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ताई तीन दिवस गप्प. मीही गप्प. सुई स्वतःच ओवत होती. सात वेळा चुकली. मोजलं मी. उठलो नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

साहेबांकडे जाऊन आलो. चोराच्या दारात पंचवीस वर्षांनी!

पत्ता संपादक बाईंनी दिला. दारावर पितळी डुबुक ठोकलाय. तोही रिकाम्या चौकोनासकट. तिथेच परत फिरावंसं वाटलं. पण बेल वाजवली.

साहेब फार म्हातारे झालेत. काठी, कानात यंत्र. मला बघून म्हणाले, "ये. जाड झालास." जसा काही मी गेल्या आठवड्यात येऊन गेलो होतो!

मी बसलोच नाही. उभ्या उभ्या सगळं ऐकवलं. पंचवीस वर्षं पाठ केलेलं भाषण. मध्ये त्यांच्या सुनेने पाणी आणून ठेवलं आणि घाबरून निघून गेली. साहेब ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "झालं? आता बस."

बसलो.

"कागद तूच आणलास. ते मी कधी नाकारलं नाही. पण त्या दिवशी मी तुला काय विचारलं, आठवतं?"

"काही विचारलं नव्हतं."

"विचारलं होतं. हे कोणाचं? म्हणून विचारलं होतं. तू म्हणालास — घरी होता."

"मी असं म्हणालोच नाही!"

"म्हणालास. दोन वर्षं तुझं काम बघत होतो. तुझा एकही राक्षस मान वाकडी करत नव्हता. आणि एकदम हा! मला वाटलं, पोराने कुठून तरी उचललंय. उद्या कोणी मागायला आलं तर तुझ्यावर नको, म्हणून माझं नाव घातलं. मग कोणी आलंच नाही." पुढे म्हणाले, "खोटं कशाला बोलू, नंतर मलाही ते आवडायला लागलं. लोक नमस्कार करायचे."

म्हातारचळ! दुसरं काय? चोरी करायची आणि वर उपकार केल्याचा आव आणायचा! मी उठलो. दारापर्यंत काठी टेकत आले. म्हणाले, "माझं नाव मी काढायला सांगतो. मला आता काय करायचंय त्याचं? पण तुझं घाला असं मी सांगणार नाही. ते तुझं तू बघ."

परत येताना रागाने बस चुकली. घरी होता! घरी काढला म्हणजे घरीच असणार ना?

गुरुवार, २७ फेब्रुवारी

संपादक बाईंचा फोन. साहेबांनी खरंच नाव मागे घेतलं. जागा मोकळी झाली! "आता कागद मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर निनावी छापू."

निनावी! म्हणजे पुन्हा तेच!

ताईला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे आता त्यांना चोर नाही ना म्हणणार?" हिला साहेबांचीच काळजी.

शनिवार, १ मार्च

छापखान्यात बातमी फुटली. मीच फोडली, खोटं कशाला लिहू. साहेबांनी नाव काढलं एवढंच सांगितलं. बाकीचं त्यांचं त्यांनी जुळवलं. मालकांनी पुन्हा छापलेल्या मगांपैकी एक काउंटरवर मांडला. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "यांनी काढलाय हो. आमच्याकडेच असतात." आमच्याकडेच असतात! परवापर्यंत माझी रजा मंजूर करताना जिवावर यायचं.

कटिंगवाला चहा घेऊन आला. "काका, ते विमानाचं मी मागे घेतो." हसू आलं. खूप दिवसांनी.

खेळण्यांच्या दुकानाच्या बाईचा निरोप — पंधरा मार्चला दुकानात या, पोरांना मगांवर सही द्या. मी हो म्हणालो. दुपारी रद्दीच्या कागदावर सही करून बघितली. छान आली.

रविवार, २ मार्च

सापडला.

ताई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. तिच्या शिलाई मशीनचा खालचा खण तेवढा शोधायचा राहिला होता. त्या खणात हात घातलेला तिला आवडत नाही. घातला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत भरतकामाचे नमुने. फुलं, होड्या, एक मांजर. आणि तळाशी तो.

मला आठवत होता तसाच. चौकोनांचा कागद, पेन्सिल, फुल्या, टिंबं, तिरप्या रेघा. मी आनंदाने ओरडलोच.

मग नीट बघितला.

सगळा कागद खोडलेला. मान तर इतक्या वेळा खोडलीय की कागद पातळ होऊन पलीकडचं बोट दिसतं. आधी मान सरळ होती. मग थोडी वाकडी. मग आणखी. बाजूला ताईच्या अक्षरात — फुली म्हणजे गर्द हिरवा, टिंब म्हणजे पोपटी, रेघ म्हणजे तपकिरी, गोल म्हणजे पांढरा. चार लड्या. आणि ढालीवर उजवीकडे वर एक चौकोन रिकामा. त्याच्याकडे बारीक बाण. बाणापाशी लिहिलंय — शेवटी.

तिची पद्धत मला माहीत आहे. लहानपणापासून बघतोय की! भरतकाम संपवताना दोऱ्याचं टोक दिसू नये म्हणून ती एक टाका मागे ठेवते. तो सगळ्यात शेवटी घालते आणि त्याच्याखाली टोक लपवते. विसरू नये म्हणून नमुन्यात ती जागा कोरी सोडते. मांजराच्या शेपटीतही आहे. होडीच्या शिडातही आहे.

कागदाखाली कापड होतं. पूर्वी आमच्या रेडिओवर असायचं ते. कोपऱ्यात दोऱ्याने तारीख भरलीय. माझ्या त्या रविवारच्या आधीचं वर्ष. आणि कापडावरच्या कासवाच्या पाठीत भोक नाही. तो टाका घातलेला आहे.

मी खोडरबराला हात लावला नव्हता. कसा लावणार! खोडायचं ते सगळं ती आधीच खोडून बसली होती.

सोमवार, ३ मार्च

कामावर गेलो नाही. 'घरी होता.' हो, असंच म्हणालो होतो साहेबांना. आज आठवलं. त्या सोमवारी मला पक्कं माहीत होतं की हे माझं नाही. मंगळवारीही माहीत होतं. पुढे कधी विसरलो, ते सांगता येत नाही.

बुधवार, ५ मार्च

शेवटी डबा ताईपुढे ठेवला.

तिने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हातातली पँट खाली ठेवली. म्हणाली, "मला वाटलंच होतं, तू खणात हात घालणार."

"तुला कधी कळलं?"

"खेळाची पुस्तिका घरी आणलीस तेव्हाच. आपलं कासव, मला ओळखू येणार नाही? तो टाकासुद्धा राहिला होता! मला हसूच आलं. म्हटलं, उतरवायचं तर नीट तरी उतरवायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. तुझं नाव छापून आलं असतं तर जरा कान पकडला असता तुझा. पण छापलं होतं साहेबांचं. तू त्या भिंतीला टेकून रडत होतास. रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं, की जे गेलं म्हणतोस ते तुझं नव्हतंच?" तिने कापड उचलून मांडीवर पसरलं. "मग रोज जेवताना तू चोर चोर करायचास. मला वाटायचं, आज आठवेल याला. उद्या आठवेल. पंचवीस वर्षं झाली की रे."

मी तिच्या पायाशी बसलो. म्हटलं, "ताई, मी संपादक बाईंना तुझं नाव सांगतो. कागद तुझा, खुणा तुझ्या, अक्षर तुझं. साहेबांना मी काय काय बोललो! तुला काय काय बोललो!"

"नको रे बाबा. मला काय करायचंय नाव? पँटीला टाके घालणारी मी."

"मी सांगणार."

तिने पँट उचलली, सुई माझ्यापुढे धरली. मी ओवत असताना हळूच म्हणाली, "पुस्तकात अक्षरं केवढी असतात रे? डॉक्टर म्हणाले उजवा डोळा आता काही सुधारत नाही. डावा आहे थोडे दिवस. मोठी असली तर मला माझं मलाच वाचता येईल."

म्हणजे हवं होतं! पंचवीस वर्षं तिलाही हवंच होतं.

मंगळवार, ११ मार्च

छापखान्यात सगळे मला कासवकाका म्हणतात. मालकांनी काउंटरवर पाटी लावलीय. बाईच्या दुकानाबाहेर माझा फोटो लागलाय, "शनिवारी भेटा!" रस्त्यात एका माणसाने थांबवलं, हात हातात घेतला आणि म्हणाला, लहानपणी आजारी असताना डुबुकशीच खेळायचो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काय करणार? म्हटलं, "बरं वाटलं ऐकून."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याकडे असं बघतंय. पन्नाशी उलटल्यावर!

शनिवारचा कार्यक्रम रद्द करावा लागेल. काय कारण सांगायचं?

बुधवार, १२ मार्च

सोपं आहे. शुक्रवारी संपादक बाईंचा फोन आला की ताईचं नाव सांगायचं. अक्षर मोठं घ्या म्हणायचं. दोन वाक्यं. बस्स!

ताईने आज केस धुतले. कपड्यांच्या दुकानाला निरोप पाठवला की शुक्रवारी नव्या पँटी घेणार नाही.

शुक्रवार, १४ मार्च

संपादक बाईंचा फोन आला, दुपारी, जेवायच्या वेळेला. मी ताईसाठी सुई ओवत होतो. ती समोरच बसली होती.

कागद मिळाला म्हणालो, त्याचा फोटोही पाठवला. तो बाण, खालचा तो शब्द आणि बाजूचं अक्षर सकाळीच खोडून ठेवलं होतं. ताई अंघोळीला गेली तेव्हा. खोडरबर मालकांच्या टेबलावरून आणलं होतं.

"मग नाव कोणाचं छापायचं?"

माझं सांगितलं.

"आणि तो रिकामा चौकोन?"

म्हटलं, "माझी सवय आहे ती. एक जागा मी नेहमी कोरी सोडतो."

फोन ठेवला. ताईने माझ्या हातातली सुई घेतली, उशीत खोचून ठेवली. म्हणाली, "जेव आता. गार होतंय."

जेवलो.